बारडपासून केदारकंठ्यापर्यंत

डहाणू-तलासरीकडच्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो बंदरावरचा. कारखान्यातून लादी येते, ती फोडतात आणि पापलेट-बोंबलांच्या थरांवर तिचा चुरा पसरतात. त्याच बर्फावरून चालायचे, त्यावर तंबू ठोकून झोपायचे आणि त्यासाठी पदरचे पैसे खर्चून दीड हजार किलोमीटर जायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवणे हाच आमच्या सफरीचा पहिला चढ होता.

आम्ही म्हणजे दोघे शिक्षक नवरा-बायको, अकरावीत शिकणारी आमची थोरली आणि तलासरी तालुक्यात राहणारा एकोणीस वर्षांचा भाचा. उत्तराखंडातल्या केदारकंठ्याचे नाव थोरलीने काढले. हिवाळ्यात बर्फात चढता येणारे हे शिखर नवख्यांना झेपणारे समजले जाते. उंची 12,500 फूट. अम्मींनी एवढेच विचारले, "पोरगी तिथे आजारी पडली तर दवाखाना किती लांब?" प्रश्न रास्त होता. फुफींचे म्हणणे वेगळे होते. "माझा मुलगा जाऊ दे, तो मुलगा आहे. पोरीला कशाला नेता? अर्ध्यावर बसली तर तिच्यासाठी सगळ्यांना परतावे लागेल." थोरलीने हे ऐकले आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही, याचा अर्थ आम्हांला पुढे बर्फात कळला.

तयारीसाठी डोंगर शोधायला लांब जावे लागले नाही. बोर्डी-घोलवडच्या मागे पूर्वेला बारडचा डोंगर आहे. आसवलीच्या धरणापाशी गाडी ठेवायची आणि चढायला लागायचे. उंची सुमारे दीड हजार फूट. हिवाळ्यात पहाटे आमच्याकडे पंधरा-सोळा अंशांची थंडी असते. तेवढ्यातही भाचा कानटोपी घालून येई आणि थोरली त्याला हसे. पाठीवरच्या पिशवीत पहिल्या रविवारी पाच किलो तांदूळ, दुसऱ्या रविवारी सात, मग आठ. पाड्यावरचा एक वारली तरुण वाट दाखवायला येई. तो चपलांवर चढायचा आणि आमचे बूट पाहून गालातल्या गालात हसायचा.

डिसेंबरात बारडवरचे गवत वाळून पिवळे पडते आणि खालचा मुरूम मोकळा होतो. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सटकतात. वाटाड्याने शिकवले की, पाऊल पुढून टाकायचे नाही, टाच रुतवायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि मागे रेलायचे नाही. घाबरून मागे रेलले की हमखास आपटायला होते. केदारकंठ्यावर बर्फाच्या उतारावर उभे करून तिथल्या गाइडने शब्दशः हेच सांगितले तेव्हा आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले.

बारडच्या माथ्याजवळ लेणी आहेत. त्यांना बहरोटची लेणी म्हणतात. आमच्या भागातल्या कितीतरी मुस्लिम घरांना यांची माहिती नाही, म्हणून थोडे लिहितो. इराणहून आलेले पारशी संजाणला उतरले. संजाण तलासरीपासून किती जवळ हे सांगायला नको. तिथे त्यांनी इराणशाह नावाचा पवित्र अग्नी स्थापन केला. पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण घेतले, तेव्हा पारशांनी तो अग्नी उचलला आणि या डोंगरात आणून ठेवला. बारा वर्षे तो इथे होता असे त्यांची परंपरा सांगते. मग वांसदा, नवसारी असा फिरत तो 1742 मध्ये उदवाड्याला गेला आणि आजही तिथेच तेवत आहे. संजाण नेमके कोणत्या वर्षी पडले यावर इतिहासकारांचे एकमत नाही, पण ही हकीकत 1600 च्या सुमारास 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात लिहून ठेवली गेली. लिहिणारा नवसारीचा पारशी धर्मगुरू होता आणि त्याने भाषा निवडली ती फारसी. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या गोष्टीचे अप्रूप वाटते. फौज सुलतानाची होती हे मुलांना आम्ही लेण्यातच उभे राहून सांगितले. भाच्याने विचारले, "मामू, बारा वर्षे रोज लाकडे वर कोण आणत असेल?" हा प्रश्न आम्हांला पुस्तकात कुठे भेटला नव्हता. डोंगरातल्या माणसांच्या मदतीशिवाय हे झाले असेल असे वाटत नाही. आपल्या वाटाड्याच्या पाठीकडे पाहून तर अजिबात नाही.

पाच रविवार बारड, एक रविवार गंभीरगड. गंभीरगड दोन हजार फुटांहून उंच आहे आणि दमवतो. मग डॉक्टरांकडे चौघांची तपासणी, रक्तदाब, छाती. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती थोरलीने वहीत लिहून घेतली: उंचीवर डोके दुखू लागले तर ते उंचीमुळेच आहे असे धरून चालायचे, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत. वहीत लिहिले, हे मुद्दाम नोंदवतो.

रेल्वेने डेहराडून आणि तिथून गाडीने सांकरी. हा रस्ता जवळजवळ दोनशे किलोमीटरचा, पण सबंध दिवस जातो. मसुरी मागे टाकून यमुनेकाठी उतरायचे, नौगाव, पुरोला, मग चीडच्या जंगलातून मोरी. मोरीपासून टोन्स नदी सोबत असते. भूगोलाच्या तासाला आम्ही यमुनेच्या उपनद्या पाठ करून घेतो. टोन्स यमुनेला मिळते तेव्हा तिच्यातले पाणी यमुनेपेक्षा जास्त असते, तरी पुढे नाव यमुनेचेच चालते. नेटवाडला वनखात्याच्या चौकीवर नोंद होते, कारण इथून गोविंद वन्यजीव क्षेत्र सुरू होते.

सांकरी हे 6,400 फुटांवरचे लाकडी घरांचे गाव. हर की दूनला जाणारेही इथूनच निघतात. बूट, काठ्या, बुटांवर चढवायचे खिळ्यांचे स्पाइक्स, पोटऱ्यांवर बांधायचे गेटर, सगळे भाड्याने मिळते. आम्ही बूट मात्र बारडवर वापरलेलेच नेले होते. नवे बूट घेऊन बर्फात जाणाऱ्याच्या टाचांचे काय होते ते आमच्या गटातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी दाखवले.

कपड्यांबद्दल घरातल्या बायकांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले, म्हणून सांगतो. सुती कपडा बर्फात घातक. चढताना घाम येतो, सुती कपडा तो शोषून ओला राहतो आणि थांबल्यावर अंगाची ऊब ओढून घेतो. आतून थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेरून वारा-पाणी अडवणारे जाकीट. थोरलीने पँटवर गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता घातला आणि डोक्याला लोकरी स्कार्फ. फुफींना काळजी होती की ती तिथे वेगळी दिसेल. तिथे पुरुषांसकट सगळ्यांचीच डोकी, कान आणि तोंडे झाकलेली होती. बोलल्याशिवाय कोण कोण आहे ते कळत नव्हते.

पहिल्या दिवशी बांज आणि देवदारांच्या जंगलातून जुडा-का-तालाब, 9,100 फूट. निम्म्या वाटेपासून बर्फ सुरू झाला. आधी झाडांच्या सावलीत चादरीच्या तुकड्यांसारखा, मग सगळीकडे. बंदरावरचा बर्फ कठीण आणि मासळीच्या वासाचा. हा पायाखाली मिठासारखा करकरत होता. सकाळी तो टणक असतो, स्पाइक्स पकडतात. दुपारी ऊन लागले की मऊ होतो आणि पाय पोटरीपर्यंत जातो. म्हणून लवकर निघायचे आणि दुपारी मुक्कामावर असायचे. पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायचे. सगळ्या गटात बोलणे बंद पडते, श्वासाला वेळ पुरत नाही. तळे गोठलेले होते. त्यावर चालायला मनाई आहे, तरी काही हौशी मंडळी फोटोसाठी कडेला गेलीच. गाइड ओरडला तेव्हा परतली.

तंबूपाशी भाच्याचे एक वागणे आम्हांला चटका लावून गेले. बाकीचे आत शिरून फोटो काढत होते, तो बाहेर वाकून एकेक मेख हाताने हलवून पाहत होता. मग त्याने दाराजवळची जागा धरली. नोव्हेंबर 2018 पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास दिवस-दिवस जमीन हादरत राही. 2019 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर चारपेक्षा जास्त तीव्रतेचे धक्के बसले. भिंतींना तडे गेले, लोक घरात झोपेनात, आणि प्रशासनाने तंबू दिले. भाचा तेव्हा सातवीत होता. ऐन थंडीत लहान भावंडांसकट ते कुटुंब किती रात्री उघड्यावर आणि तंबूत झोपले ते आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या मुलाला तंबू म्हणजे सहल हे माहीत नाही, तो पहिल्या रात्री कसा झोपेल? तो झोपला नाही. दुसऱ्या रात्री मात्र त्याला उठवावे लागले.

नमाजचे काय केले, असे परतल्यावर सर्वांनी विचारले. निघण्यापूर्वी आम्ही आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना भेटून सगळे विचारून घेतले होते. प्रवासात चार रकातींच्या जागी दोन. चामड्याचे मोजे वुजू करून घातले असतील तर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यांवर मसह चालतो, पाय उघडे करून धुवावे लागत नाहीत. ही सवलत लहानपणी मदरशात पाठ केली होती. तिची किंमत शून्याखाली सहा अंशांत समजली. तयम्मुमची वेळ आली नाही, कारण स्वयंपाक करणारा पोऱ्या न विचारता गरम पाण्याचा तांब्या आणून देई. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर चटई. किब्ल्याची दिशा मात्र मुलांना गंमत वाटावी अशी. डहाणूत आपण समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेपासून जरा उत्तरेकडे कलून उभे राहतो. उत्तराखंडात पश्चिमेपासून जरा दक्षिणेकडे कलावे लागते, कारण मक्का तिथून दक्षिणेकडच्या अक्षांशावर येते. थोरलीने कंपास काढून हे सगळ्या गटाला समजावले. त्या संध्याकाळी ती फार खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी केदारकंठा बेस, 11,250 फूट. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच इथे उरतो, आणि आम्ही तर अक्षरशः समुद्रकाठची माणसे. थोरली दिवसभर सर्वांच्या पुढे होती. जेवताना तिने ताट तसेच ठेवले, भूक नाही म्हणाली. रात्री दहाच्या सुमारास तंबूबाहेर जाऊन उलटी केली. तेव्हा कळले की डोके दुपारपासून दुखत होते.

गाइडला उठवले. सांकरीचाच माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, पण त्यापेक्षा जास्त वेळ तिच्याशी बोलण्यात घालवला. नाव, गाव, आज कोणता वार. मग टॉर्चच्या उजेडात बर्फावर एक रेघ ओढली आणि टाचेला अंगठा लावत त्यावरून चालायला सांगितले. तोल जातो आहे का ते त्याला पाहायचे होते. तोल गेला असता, बोलणे अडखळले असते, किंवा बसल्या जागी धाप लागली असती तर तसेच अंधारात खाली न्यायचे, असे त्याने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले. ती सरळ चालली. तेव्हा ठरले की, वर जाणे बंद, गरम पाणी घोट-घोट, दर दोन तासांनी उठवून पाहायचे, आणि उजाडताच खाली.

"मला गोळी द्या, मी चढेन," असे ती म्हणत होती. वहीत काय लिहिले आहे ते तिला आठवत नव्हते असे नाही. ती रडत म्हणाली, "फुफी म्हणतील, मुलगी होती म्हणून." दुपारपासून ती गप्प का होती याचे उत्तर इथे होते. गाइड हे ऐकत उभा होता. तो पहाडी हिंदीत म्हणाला की, इतकी वर्षे तो माणसे खाली घेऊन जातो आहे आणि त्यांत जास्त भरणा तगड्या जवान पोरांचा असतो, कारण ते पळत वर येतात आणि दुखले तरी सांगत नाहीत. शरीराची ताकद आणि उंची सोसणे यांचा फारसा संबंध नसतो, हे डॉक्टरही सांगतात. एका घरातल्या चौघांत हा त्रास कोणाला होईल ते आधी ओळखता येत नाही.

शिखराला पहाटे तीनला निघतात. आम्हां दोघांपैकी एकाने भाच्याबरोबर वर जायचे आणि एकाने थोरलीबरोबर खाली, असे ठरले. कोण कुठे गेले ते इथे लिहीत नाही. त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

वर गेलेल्यांची हकीकत अशी. अंधारात पुढच्याच्या टॉर्चचा गोल सोडून काही दिसत नाही. पाण्याच्या बाटलीचे तोंड गोठते, म्हणून ती उलटी ठेवायची. भाचा वीस पावले मोजायचा, थांबायचा. फज्रची वेळ उतारावरच झाली. बर्फ तुडवून सपाट जागा केली, पावसाळी पांघरूण अंथरले, आणि दोन रकाती उभ्याने सुरू करून बसून पूर्ण केल्या, वारा इतका होता. सूर्य आला तेव्हा माथा थोडासाच वर होता. माथ्यावर उभे राहिले की समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग ही शिखरे ओळीने दिसतात, आणि आधी त्यांच्या टोकांवर ऊन पडते, मग हळूहळू खाली सरकते. भाच्याने थोरलीसाठी व्हिडिओ काढायला फोन बाहेर काढला. थंडीने बॅटरी बसलेली. वीस मिनिटांत उतरायला लागले.

खाली आलेल्यांची हकीकत याहून छोटी आणि आम्हांला जास्त मोलाची. उजाडताना मदतनीस पुढे, थोरली मध्ये. पहिला तासभर ती कोणाशी बोलली नाही. हजार-दीड हजार फूट उतरल्यावर म्हणाली, "दुखायचे थांबले वाटते." तळ्यापाशी पोहोचली तेव्हा तिने दोन ताटल्या खिचडी खाल्ली आणि वर घरून नेलेल्या सुक्या चिकूच्या चकत्यांची पिशवी एकटीने संपवली. औषध कुठले दिले नव्हते. औषध म्हणजे उतरणे.

तिसऱ्या दिवशी सांकरीत चौघे एकत्र आलो. भाच्याने आल्या आल्या सांगितले की, वर आपल्यालाही एकदा चक्कर आली होती आणि आपण बसून राहिलो होतो. हे त्याने आपल्या अम्मीलाही सांगावे असे आम्ही सुचवले नाही. त्याने घरी गेल्यावर आपणहून सांगितले.

फुफींनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे अर्ध्यावरून परत आली," त्या म्हणाल्या. थोरलीने वही उघडून आकडा वाचला, "अकरा हजार दोनशे पन्नास फुटांवरून." फुफींनी विचारले, बारड किती? मग काही वेळ हिशेब चालला.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ मिळतो. तीन दिवसांत चढून येण्याची घाई न करता सांकरीत किंवा तळ्यापाशी एक रात्र जास्त राहता आली तर राहा. रजा काढताना तेवढा एक दिवस मागून घ्या. काळा चष्मा विसरू नका, बर्फावरच्या उन्हाने डोळे दुखावतात. हातमोज्यांचे दोन जोड. जेवण वाटेवर शाकाहारीच असते, त्यामुळे हलालची अडचण येत नाही. लहान मुले आणि दमेकरी यांना आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पाठीवर तांदूळ घेऊन निदान पाच वेळा आपला जवळचा कुठलाही डोंगर चढा. आसवलीच्या धरणापाशी सकाळी सहाला पोहोचलात तर वाटाड्या भेटतो. उशीर झाला तर तो कामाला निघून गेलेला असतो.